सदाच्या टेपवरची घूं

आमच्या सदाच्या दुकानातले किस्से मी कुठं जपून ठेवले न्हाईत. जळालेल्या फ्यूजसारखे ते आपोआप खोक्यात साठत गेले. कामाचे न्हाईत, पण टाकवतही न्हाईत! विश्रामबागेत सदाचं अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आणि शेजारी माझं मोटार वाइंडिंगचं. शाळेनं मला सातवीतच हाकललेलं, त्यामुळं सदाला शहाणपण शिकवायला मी कायम मोकळा!

त्या साली सदाच्या वडलांच्या, तात्यांच्या, घशाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, "आवाज राहील असं धरून चालू नका." तात्या जतकडचे. उभा जन्म मेंढरांमागं ओव्या म्हणण्यात गेलेला. आवाज जायच्या आत सदाला त्या ओव्या कॅसेटवर हव्या होत्या. पण मशीन लायटीला जोडलं की दुकानभर घुमायची आणि तात्यांच्या आधी टेपवर उतरायची ती घूंsss!

"ओवी कमी, भुंगाच जास्त हाय रं!" मी म्हणालो.

*

कुणीतरी सांगितलं, अर्थिंग कच्चं आहे. सदानं दुकानामागं खड्डा खणला, मीठ-कोळसा घातला, लोखंडी नळी उभी केली, तिला मशीनची वायर जोडली आणि रोज तांब्याभर पाणी ओतायला लागला. मागच्या घरातल्या काकूंनी मला विचारलं, "हे काय हो?"

"नवसाला पावतंय म्हणं!"

आठवड्यात नळीला हळदीकुंकू! बायका कळशीनं पाणी घालायला लागल्या. आणि गंमत बघा, घूं निम्म्यावर आली!

मग काकूंना देवाच्या अंगावर वायर बरी दिसंना. त्यांनी ती सोडवली, गुंडाळली आणि सदाच्या टेबलावर आणून ठेवली. सदा परत जोडायला गेला तर बायका अंगावर आल्या, "आधी चपला काढा!"

*

मग साताऱ्याहून स्टॅबिलायझर आणला. एसटीत मांडीवर घेऊन, लेकरासारखा! व्होल्टेज हललं की तो आतून खट् करायचा. तात्यांची आख्खी ओवी टेपवर घेतली आणि ऐकली. घूंsss खट्. घूंsss खट्.

"सदा, गड्या, आता ताल बी मिळाला की!"

सदा हसला न्हाई. आत तात्या खोकत होते.

*

मला वाटलं, घूं समोरच्या पिठाच्या गिरणीमुळं येत असंल. सदा गिरणीवाल्या आप्पांकडं गेला. "आप्पा, एक सकाळ गिरणी बंद ठेवता का?"

"सोमवारी बंदच असती की."

सोमवारी सदानं दुकान मुद्दाम उघडलं. तात्यांना बसवलं, माईक लावला, बटण दाबलं. काहीच न्हाई! पळत आप्पांकडं गेला. "आप्पा, लाईटच न्हाई!"

"आरं, सोमवारी लाईट नसती म्हणून तर गिरणी बंद असती. तुझं दुकान सोमवारी कशानं बंद असतंय रं?"

सदा गिरणीच्या पायरीवर डोकं धरून बसला. वर आप्पा म्हणाले, "बाजूला बस, गिऱ्हाईक अडतंय."

"आज गिरणी बंद हाय न्हवं!" मी म्हणालो.

*

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर आलं. शेवटी सदानं लायटीचा नादच सोडला आणि ट्रॅक्टरची बॅटरी आणली. मशीन तिला जोडलं, हेडफोन कानाला लावला. काही न्हाई. निव्वळ शांत. सदाचे डोळे भरून आले.

"म्हणा, तात्या."

तात्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. परत उघडलं, परत मिटलं.

"आवं, म्हणा की! उद्या मिरजेला जायाचंय."

"ती कुटं गेली रं?"

"कोण?"

"घूं. घसा असा झाल्यापास्नं तिच्यावरच सूर धरतोय मी. मोकळ्यात घावंना बग."



सदानं टेप चालू केली. तात्यांच्या पायाशी बसला, ओठ मिटले आणि नाकातनं सूर लावला, "घूंsss..."

तात्यांनी ओवी उचलली.

ती कॅसेट सदा अजून दुकानात लावतो. एखादं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "एवढा भारी आवाज, पण मागं ही घूं कशी राहिली हो?"

सदा मान वर न करता सांगतो, "लाईट खराब हुती."