मिलिमीटरचा कॉम्प्युटर

माझ्या दादाला अख्खी गल्ली मिलिमीटर म्हणते. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त माझी, कारण मी धाकटी बहीण. शिवाय माझं झेरॉक्सचं दुकान त्याच्या सुतारकामाच्या दुकानाला चिकटून आहे, त्यामुळे त्याच्या करवतीचा आवाज आणि शिव्या दोन्ही मला फुकटात ऐकायला मिळतात. चाळीस वर्षं झाली, याच्या कपाटाच्या दारातून एक कागद आत सरकवून दाखवा! फट दिसली की याला झोप लागत नाही.

तर हा माणूस एका मंगळवारी दुपारी माझ्याकडे आला आणि गिऱ्हाईक नाही असं बघून हळूच म्हणाला, "गेम खेळायचा कॉम्प्युटर घ्यायचा तर काय काय लागतं गं?"

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

मी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

मग कळलं. दोन वर्षांपूर्वी याच्या मुलानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, दुकान सांभाळायला नकार दिला आणि दुसऱ्या शहरात गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरी धरली. गेममधली घरं आणि आतलं सामानसुमान कॉम्प्युटरवर तयार करायचं, हे त्याचं काम. दादा तेव्हा म्हणाला होता, "खरं लाकूड सोडून खोटं लाकूड रंगवणार?" पोरगा तडक बॅग भरून गेला. तेव्हापासून बापलेकांत अबोला. फोन यायचा तो वहिनीला नाहीतर मला, आणि हे महाराज शेजारी बसून पॉलिश पेपर घासत कान टवकारायचे. आता कंपनीच्या एका नव्या गेममधलं एक अख्खं घर भाच्यानं केलं होतं आणि गेम बाजारात आला होता.

"मला बघायचंय त्यानं काय केलंय ते," दादा झेरॉक्सच्या मशीनकडे बघत म्हणाला. "त्याला सांगू नकोस. वाईट असलं तर काय बोलायचं मी? आता परत काही वाकडं बोललो तर तो कायमचाच जाईल."

मी तशी तापट बाई आहे. पण त्या दिवशी मी काही न बोलता दुकानाचं शटर ओढलं.

नवीन रंधा मशीनसाठी ठेवलेले पैसे घेऊन आम्ही कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं आधी हे सगळे भाग बसवायचा काचेचा एक डबा दाखवला, आत सात रंगांचे दिवे.

"ही रोषणाई काढली तर गेम चालतो का?" दादानं विचारलं.

"चालतो की, काका."

"मग काढा."

दुकानदार हसला, पण माणूस सरळ होता. म्हणाला, "जवळजवळ निम्मे पैसे ग्राफिक्स कार्डात घाला, चित्र तेच काढतं. प्रोसेसर मागच्या पिढीचा चालेल. मेमरी सोळा जीबी बास. फक्त पॉवर सप्लायमध्ये कंजुषी करू नका, तो गेला तर बाकीच्यांनाही घेऊन जाईल." जुनी वापरलेली कार्डं स्वस्तात होती. दादानं खिशातून भिंग काढलं आणि एकेक कार्ड तपासलं. चार बाजूला सारली, पाचवं उचललं. "याच्या स्क्रूच्या खाचा कोऱ्या आहेत. कुणी उघडलेलं नाही हे." दुकानदार त्याच्याकडे बघतच राहिला.

एवढं करूनही बजेट संपलं आणि डबा राहिला. "डबा मी करतो," दादा म्हणाला. तिथेच घात झाला.

आठ दिवस खपून त्यानं सागवानाचा असा डबा केला की बघत राहावं. दुकानदारानं येऊन आत सगळं जोडून दिलं, आणि तो गेल्यावर दादानं झाकण बसवलं. रविवारी दुपारी दादाच्या घरी तो, वहिनी आणि मी समोर बसलो. गेम सुरू झाला, एक ओसाड रस्ता दिसला, टोकाला भाच्याचं घर दिसलं, दादा पुढे सरकला आणि पडदा काळा! पुन्हा लावलं. पुन्हा अकरा मिनिटांत काळा.

मी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "काका, हवा जायला कुठे फट ठेवलीत?"

"फट? माझ्या कामात?" दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"अहो, तुम्ही त्या मशीनला गुदमरवलंत," वहिनी म्हणाली.

दोन दिवस तो त्या डब्याकडे बघायलाच तयार नव्हता. तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून ड्रिलचा आवाज आला. डब्याच्या दोन्ही बाजूंना त्यानं भोकं पाडली होती. तीही ओळीत, सारख्या अंतरावर. सवय कुठे जाणार!

मग मात्र घर दिसलं. त्या घरात एक भूत कुऱ्हाड घेऊन फिरतं आणि आपण पळायचं, असा खेळ. दादा कसला पळतोय! भूत मागे येऊन उभं आणि हा कपाटाचे खण उघडून बघतोय. मेला. परत गेला. टेबलाखाली वाकला. परत मेला. वहिनी ओरडतेय, "अहो, मागे बघा!" आणि हा म्हणतो, "थांब गं, सांधा बघू दे." असा सहा वेळा मेला. मग एकदम उठला आणि माझा फोन मागितला.

मी भाच्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. "दादा, जपून बोल."

तिकडून भाचा म्हणाला, "हां, बोल आत्या."

"जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या तू केल्यास का रे?" ना नमस्कार, ना चमत्कार. "मागचे पाय सरळ आहेत. पाठ टेकली की माणूस उताणा पडेल. मागे उतार द्यायचा असतो."

मी कपाळावर हात मारून घेतला.

"बाबा," भाचा म्हणाला, "तुम्ही गेम बघितलात?"

"बघितलात म्हणजे? कॉम्प्युटर आणलाय मी त्यासाठी."

"आणि कपाट?" पोराचा आवाज एवढासा झाला होता.

दादानं फोन तोंडाजवळ घेतला. "खणाच्या कोपऱ्यात खिळा नाही मारलास. दातांत दात अडकवलेस, बरोबर मापात. मला तुझ्या वयात जमत नव्हतं ते." मग त्याचा आवाजच फुटला. "अरे, पण मागे भूत असताना खणात कोण बघणार होतं?"

"तुम्ही," भाचा म्हणाला.

वहिनीनं मला ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि आम्ही दोघी तिथे मनसोक्त रडलो.