मोताळ्याचा शिक्का

पत्रकात जे छापतो ते आधी तपासून घेतो, ही माझी सवय आहे. बंद पडलेली एसटीची फेरी असो की शाळेचं गळकं छप्पर. तारीख कोणती, शिक्का कुठला, सही कुणाची, हे तीन प्रश्न मी कुणालाही विचारतो. तेरा वर्षं जपलेल्या एका पोस्टकार्डाला मात्र मी ते कधीच विचारले नाहीत.

बेत साधा होता. लहानपणी ज्यांच्या पुस्तकांवर आम्ही वाढलो, त्या लेखकाच्या वाचकांनी एक दिवस एकत्र बसायचं. आमच्याच वर्गातले पंधरा-वीस जण. मंच नाही, हार नाही, सत्कार तर नाहीच. बुलढाण्यात एका गच्चीवर सतरंजी, चहा, पोहे, आणि ज्याला जे पान आवडतं ते त्यानं वाचायचं. त्या पुस्तकांतली पोरं मोठ्यांशी भांडतात आणि त्यांचंच बरोबर असतं. मला तेवढं पुरलं होतं.

सहावीत गुरुजींनी सगळ्या वर्गाकडून त्या लेखकाला पत्रं लिहून घेतली होती. मी लिहिलं होतं, तुमच्या गोष्टीतल्या शाळेत पंखा हाये, आमच्यात नाही, मंग आमची गोष्ट काऊन नाही लिहत? महिन्याभरानं प्रत्येकाला पुण्याहून उत्तर आलं. माझ्या कार्डावर होतं, 'तुझा प्रश्न योग्य आहे. विचारणं सोडू नकोस.' खाली सही. ते कार्ड मी कोपरा सभांमध्ये वाचलंय, तहसीलदारापुढे वाचलंय. कॉलेज सोडून लोकांचे प्रश्न मांडायचं हे काम धरलं तेव्हा बापापुढेही तेच धरलं होतं.

म्हणून आमंत्रणाच्या पत्रकावर तेच कार्ड छापायचं ठरवलं. खाली ओळ, 'येताना आपापलं पोस्टकार्ड आणा.' पाहुणे म्हणून एकच नाव, गुरुजींचं. माझ्या वर्गमित्राचं बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं गेलो.

"कार्ड काऊन टाकून राह्यला बे? पुस्तकाचं चित्र टाक."

"कार्डच पाहिजे. मोठं कर."

"मोठं केलं तं डाग दिसते सारे."

"दिसू दे."

त्यानं केलं. कागद गरम बाहेर आला. जो काळा डाग मी आजवर पुण्याचा शिक्का समजत होतो, त्यात अक्षरं होती. मोताळा. आमचाच तालुका. पुणे कुठंच नाही.

मी मित्राकडं पाहिलं. तो मशीनची काच पुसत होता. काच स्वच्छ होती.

"तुले माहीत होतं."

"हाव."

"कधीपासून?"

"कार्डं यायच्या आधीपासून. गुरुजीच्या घरी हजेरीची वही द्याले गेलो होतो. टेबलावर कोरे कार्डं पडले होते, अन् वहीच्या पानावर सहीची प्रॅक्टिस चालू होती."

"अन् मले सांगतलं नाही."

"कसं सांगू बे? तू ते कार्ड शर्टाच्या आत घालून फिरे. मंग त्याच्यावर भाषणं द्याले लागला. तवा तं अजूनच अवघड झालं." काच पुसतच म्हणाला, "वाक्य तं खोटं नाही ना."

"सही खोटी आहे. हेच तलाठ्यानं केलं असतं तं काय म्हटलं असतं तू?"

मी झेरॉक्स घडी करून गावची बस धरली.

बसमध्ये गुरुजींसाठी मीच एक कारण तयार केलं होतं. पत्रं पाठवली असतील, उत्तर आलं नसेल, पोरं रोज पोस्टमनची वाट पाहत असतील, म्हणून त्यांनी लिहिली असतील कार्डं. एवढं मी गिळलं असतं. त्यांच्या घरी झेरॉक्स समोर ठेवल्यावर गुरुजी उठले आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. आत आमची पत्रं होती. सगळी. माझं वरून तिसरं.

"पाठवलीच नाहीत?"

"नाही."

"काऊन?"

"तुमचं लेखन तेव्हा शुद्ध नव्हतं," ते नेहमीच्या पुस्तकी मराठीत बोलू लागले. "एवढा मोठा लेखक, पुण्याचा. वाचून त्यांनी काय..." मग थांबले. "मले लाज वाटली रे."

हेच 'मले' त्यांनी आमच्या हातावर छडी मारून काढलं होतं.

"आमची?"

"शाळेची. माही."

विचारणं सोडू नकोस, असं मला लिहिणाऱ्या माणसानं माझा प्रश्न डब्यात घालून ठेवला होता. आणि त्याच माणसाच्या शाबासकीवर मी तेरा वर्षं लोकांकडं कागद मागत हिंडलो.

"मी येऊ का त्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

"डबा मी नेतो," मी म्हणालो. हे उत्तर नव्हतं, ते मलाही कळत होतं. त्यांनी अडवलं नाही. झाकण स्वतःच दाबून बसवून दिलं.

पत्रक नव्यानं मांडून छापलं, त्याच मित्राकडे, कामापुरतं बोलून. कार्ड काढलं. गुरुजींचं नाव काढलं. आता ओळ अशी आहे, 'पोस्टकार्ड आणू नका. तुम्ही सहावीत लिहिलेलं पत्र आमच्याजवळ आहे, जसंच्या तसं.' त्या दिवशी प्रत्येकजण आपलं पत्र वाचणार. एक पत्रक गुरुजींनाही टाकलं, वर काही न लिहिता. येतील की नाही, माहीत नाही. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवणार नाही.

आणि एक पाकीट लेखकाच्या पत्त्यावर टाकलं. आत पत्रक आणि माझं मूळ पत्र, एकही अक्षर न बदलता. मोताळ्याच्या पोस्टात जाऊन टाकलं. शिक्का माझ्यासमोर मारून घेतला, वाचता येईल असा.