काठावरची चीर

बाबा जाऊन वर्षं झाली, तरी दसऱ्याला त्यांचं काडतूस मीच चिंचेनं घासते. महायुद्धात इटलीच्या लढाईतून त्यांनी आणलेलं, जर्मन तोफेचं रिकामं, हातभर उंच पितळी नळकांडं. चिंचेचा तो आंबट वास आला की सदर भागातलं आमचं जुनं घर आठवतं.

शाळेत असताना असंच घासत बसले होते. बुडाशी जर्मन अक्षरं होती, गोळा उडवताना बसलेल्या ठोक्याचा खळगा होता. ते सगळ्याच काडतुसांना असतं, असं बाबा सांगायचे. पण याच्या काठाला एक चीर होती. तिनं माझं बोट कापलं.

"फुटकंच काहून आणलं, बाबा?" मी चिडून विचारलं.

बाबांनी माझं बोट सदऱ्यात दाबून धरलं.

"आमच्या पलटणीतला कुही गावचा सोनबा माह्या बाजूलेच होता. गोळा पडला, अन् त्याचं काहीच हाती लागलं नाही. सकाळी आम्ही जर्मनायची तोफ घेतली, तं तिथं या रिकाम्या काडतुसायचा ढीग. मी एकेक उलटून पाहून राहिलो होतो. सगळे सारखेच. हेच एक चिरलेलं."

"म्हणजे यातल्याच गोळ्यानं?"

"काय माहीत, बाई," बाबा म्हणाले. "कोणाले तरी दोषी धरा लागत होतं ना."