थ्रेशरचा सोळावा नंबर

आमच्या रोहण्याच्या बाजूला देव नवसाला पावतो, रूपराव पावत नाही. सोसायटीचा मळणीचा थ्रेशर रोज कुणाच्या शेतात जायचा, हे बावीस वर्षं तोच ठरवतो. रीतही त्यानंच घातलेली. सकाळी सातला सोसायटीच्या पायरीवर उभं राहून यादीतलं नाव तीनदा पुकारायचं आणि सभासदानं स्वतः ‘हाव’ म्हणायचं. तिसऱ्या पुकाऱ्यालाही उत्तर नाही, तर नंबर यादीच्या शेवटी. स्वतःचा नंबर आला की हा गृहस्थ स्वतःलाच पुकारतो आणि स्वतःच ‘हाव’ म्हणतो! पोरीच्या लग्नात यानं पंगतीही यादी वाचूनच बसवल्या. व्याही दुसऱ्या पंगतीत गेले, ते अजून रुसलेले आहेत.

गेल्या वर्षी मनोहररावांना तीन मिनिटं उशीर झाला. ते आणि रूपराव शाळेपासूनचे दोस्त.

“आलो न बे मी, रूप्या!”

“शेवटी जाय, मन्या.”

शेवटचा नंबर लागेपर्यंत परतीचा पाऊस आला आणि मनोहररावांच्या सोयाबीनला गंजीतच कोंब फुटले. ते भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. नुसतं बोलणं टाकलं आणि या श्रावणात, न बोलताच, गेले.

यादी मात्र ज्येष्ठातच लागली होती. सोळावा नंबर मनोहरराव. वारसाची नोंद व्हायची होती, म्हणून नाव तसंच.

तो नंबर जवळ येऊ लागला, तसा रूपराव बिघडला. दहाव्या दिवशी नाव पुकारून एकदम थबकला.

“कोन हाव म्हनलं?”

“मी न! प्रेमदास. माहाच नंबर हाये.”

“तू नाई. तुह्या आंधी.”

आम्ही खो-खो हसलो. बाराव्या दिवशी पुन्हा तेच. चौदाव्या दिवशी कुणी हसलं नाही.

सोळाव्या दिवशी आभाळ भरून आलेलं. मनोहररावांची बायको कुंताबाई पायरीशी उभी होती. तिची गंजी उघड्यावर होती आणि ताडपत्री चार ठिकाणी फाटलेली.

“मनोहरराव!”

कुंताबाईला ‘हाव’ म्हणता येईना. ती सभासद नव्हती.

“मनोहरराव!”

“अरे, दे न तिले नंबर! काऊन तमाशा करून राह्यला?” प्रेमदास खेकसला.

रूपरावचे ओठ हलले, पण तिसरा पुकारा काही निघेना.

“घाई नोका करू, भाऊजी,” कुंताबाई म्हणाली. चहाला थांबा म्हणावं इतक्या साधेपणानं. “थे येऊन राह्यले. त्यायले उशीर होते, तुमाले तं मालूम हाये.”

रूपराव पायरीवर बसला. थ्रेशरला जोडलेला ट्रॅक्टर नुसताच धडधडत होता. आठ वाजले, साडेआठ वाजले. पुढचे नंबरवालेही पायरीखाली बसून राहिले.

मग त्यानं एकदम मान वर केली, यादीवर खूण केली.

“आला. न्या थ्रेशर.”

आम्हाला काही ऐकू आलं नव्हतं. कुंताबाई मात्र पदर खोचून शेताकडे चालू लागली.

दाणे पडायला लागले, तेव्हा रूपराव पोतं धरायला पुढं झाला.

“थोडे बाजूले सरका, भाऊजी,” कुंताबाई म्हणाली.

तो सरकला. त्या जागी मग दुसरं कुणी उभं राहिलं नाही. पाऊस यायच्या आत शेवटचं पोतं शिवून झालं. आमच्या डोक्यावर, भुवयांवर, सगळ्या धुऱ्याबांधावर भुसा बसला होता. पोतं धरायच्या त्या जागी एका माणसापुरती जमीन तेवढी स्वच्छ होती.