एक पेंढी जास्त

सुग्रीवला माणसाच्या पोटातलं कळतं, असं आमच्या वडवणीकडच्या सगळ्या शिवाराचं मत होतं. हे काही पोथीतून आलेलं नव्हतं. उभा जन्म त्यानं माळ्यावर चढून लोकांची ज्वारी राखली. तो म्हणायचा, "पाखराला हुसकायचं तर दगड मारतेत, आन बसवायचं तर दाणे टाकतेत. माणसाचं बी तसंच हाय." पत्त्यांतही हाच हिशेब. मोठी चाल करणारा घाबरवतोय, त्याची पानं बघून घ्यावीत. थोडकं वाढवणारा बोलावतोय, तिथून उठावं.

बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीनं कडब्याचा एक ट्रक आणला. सभासदाला पंचवीस पेंढ्या. पुढचा ट्रक कधी, ते चेअरमनलाही ठाऊक नव्हतं. वाटप झालं आणि काय सांगू, बैलगाडीची वाट बघणाऱ्या चौघांनी गोदामाच्या सावलीत तीन पत्ती मांडली. पैसा कुणाकडंच नव्हता, म्हणून पेंढ्याच लावल्या! मी आपला सुग्रीवच्या मागं, माझ्या पंचवीस पेंढ्यांवर मांडी ठोकून.

सुग्रीवची गाय गाभण, दिवस भरलेले. तरी बसला. दुपार कलली तोवर त्याच्या बाराच पेंढ्या राहिल्या.

मग तो डाव आला. पहिली चाल ज्ञानोबाची. त्याच्यामागून सुग्रीव, बंकट, शहादेव. तीन फेऱ्या सगळ्यांनी एकेक पेंढी टाकली होती. चौथीला ज्ञानोबानं दोन टाकल्या. एकच जास्त, आणि तीही कशी, हळूच, पेंढीला बांधलेला आळा सारखा करून.

सुग्रीवच्या हातात तिन्ही पानं बदामाची, वर राजा. मला मागून दिसत होती. तो मात्र पानांकडं बघेचना, ज्ञानोबाच्या हाताकडं बघत राहिला. मागं तिघं बोलायचे असताना पहिलाच गडी थोडकं वाढवतो, म्हणजे त्याला कुणी पळायला नको असतं.

"एका पेंढीला भ्यालास व्हय बे?" बंकट म्हणाला.

"एकच हाय म्हणून भ्यालो," म्हणत सुग्रीवनं पानं पालथी टाकली आणि उठला.

"आरं, सुग्रीव पळाला! मंग हाय काहीतरी," म्हणून बंकटनं पानं टाकली, शहादेवानंही टाकली. ज्ञानोबानं ढीग ओढला आणि पानं न दाखवता गड्डीत मिसळली.

नऊ पेंढ्या डोक्यावर घेऊन सुग्रीव घरी गेला. मनकर्णावहिनी काय बोलल्या ते साऱ्या आळीनं ऐकलं. पण त्याच बाईनं कडबा बारीक तोडून, कडुलिंबाचा पाला मिसळून दिवस रेटले. सहाव्या दिवशी गाय व्याली. कालवड झाली.

पुढं वीसेक वर्षांनी, डेअरीच्या ओट्यावर, ज्ञानोबाला राहवेना. "सुग्रीवा, त्या दिवशी माझ्याकडं काहीच न्हवतं गड्या. सत्ती, चव्वी, दुर्री. एकीचा एकीला मेळ न्हाई. लई लावलं असतं तर तू बघितलं असतंस."

आता सुग्रीवच्या हातातली दुधाची किटली ज्ञानोबाच्या डोक्यात बसते, असं मला वाटलं. सुग्रीवनं ती ओट्यावर ठेवली.

"म्हंजी ढीग माझा होता."

"तुझाच."

"ज्ञानोबा, जिंकलो असतो तर उठलो असतो व्हय मी?"

ज्ञानोबानं मान खाली घातली. त्या दिवशी दिवस मावळेस्तोवर खेळून तो सगळा ढीग, आपल्या पंचवीस पेंढ्यांसकट, त्यानं बंकटपाशी घालवला होता.