सांडव्यावरची जाळी

ठकूबाई मरगळे भिंतीकडे तोंड करून आडवी होते. दुपारचं जेवण अंगावर आलंय, पत्र्यावर पाऊस एका सुरात वाजतोय, आणि मनात असा काही गारवा आहे की वर्षभरात इतकी सुखाची झोप तिच्या डोळ्यांवर आली नव्हती.

त्याला कारण आहे. कुलथे शेठने नौकाविहारासाठी ओढ्यावर मातीचा बांध घालून तलाव केला. जास्तीचं पाणी निघून जावं म्हणून बाजूच्या कातळात सांडवा ठेवला, पण तलावात सोडलेले मासे त्या वाटेने पळतात म्हणून सांडव्याला जाळी ठोकली. गेल्या पावसात जाळीत पालापाचोळा अडकला, पाणी बांधावरून चढलं, बांध फुटला आणि खालचं घर ठकूबाईची जाऊ रखमा हिच्यासकट वाहून गेलं. शेठने हात झटकले. ढगफुटी झाली म्हणाला, देवाच्या करणीपुढे आपण काय करणार. दीर ती जागा शेठच्याच घशात घालून मुलाकडे राहायला गेला. आणि या मेल्या शेठने बांध पुन्हा घातला, जाळी पुन्हा ठोकली, रखमाच्या चुलीवर फरशी टाकून हॉल बांधला. आज त्या हॉलमध्ये त्याच्या मुलीचा साखरपुडा आहे.

सकाळी तिथली पातेली घासून परतताना ठकूबाईने सांडवा पाहिला. जाळी पार तुंबलेली, पाणी बांधाच्या माथ्याला टेकायला आलेलं. तिने पदर डोक्यावर ओढला आणि चकार शब्द न काढता घर गाठलं. बुडू दे, एकदाचा बुडू दे.

डोळा लागतो न लागतो तोच पायाशी कोणीतरी येऊन बसतं.

"सरक की जरा," रखमा म्हणते. "मेले तरी बसाया जागा द्यायची न्हाय व्हय?"

ठकूबाई सरकते. भीती अशी वाटतच नाही, उलट कधी एकदा सांगते असं होतं. रखमा केसांतला गाळ बोटांनी काढत बसलेली असते आणि ठकूबाई तिला सगळं रंगवून सांगते, जाळी कशी तुंबलीय, पाणी कुठवर आलंय, शेठचा सगळा गोतावळा नेमका कुठे जेवायला बसलाय. तुझा सूड आज पुरा होतोय बघ, म्हणते. शाबासकी मिळेल अशी तिची खात्री आहे.

रखमा पायडल मारू लागते. दोघी हंसाच्या होडीत बसल्या आहेत, ज्या होडीला हात लावला म्हणून शेठच्या माणसाने एकदा रखमाला हाकललं होतं. पाणी हिरवं आणि अगदी संथ आहे. ठकूबाई वाकून बघते तर खाली हॉल दिसतो. पंगत बसली आहे. जिलेबीची ताटं हलकेच तरंगतायत. वाढपी वाडीतलेच आहेत, हेही तिला दिसतं.

"आपली माणसं बी हायती," रखमा म्हणते.

"येवढं कुठं बघत बसू," ठकूबाई म्हणते, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटतो.

ती मान वर करते तर समोर रखमाची चूल पेटलेली. भिंतीवर शेठचा फोटो, फोटोला चंदनाचा हार. दारात ही गर्दी. बाया डोळे पुसतायत, पुरुष हळू आवाजात बोलतायत. फार दिलदार माणूस हो, सगळ्यांना धरून होता, ढगफुटीने घात केला. एक जण तर म्हणतो, तलावाला त्याचंच नाव देऊ या.

"ऐकलंस?" रखमा फुंकणी खाली ठेवते. "अक्का, मी जिती हुते तवा तू मला काय म्हनायचीस?"

"कजाग."

"आन् आता?"

आता ठकूबाई वाडीभर सांगत फिरते, आमची रखमा म्हणजे गरीब गाय होती.

"मेलं की मानूस चांगलं हुतं," रखमा म्हणते. "त्यो बी हुईल. मला त्यो चांगला झालेला नगं. मला जिता पायजे. समद्यांम्होरं, गाळात हात घालून." तिचे डोळे चुलीतल्या विस्तवासारखे झालेत. "आन् तू पडून ऱ्हायलीस. ऊठ."

ठकूबाई हलत नाही, म्हणून रखमा तिचा दंड धरून कचकचीत चिमटा काढते.

ठकूबाई कळवळून उठते. पाऊस चालूच आहे. घरात कोणी नाही. ती पोलक्याची बाही वर करते. दंडावर काळानिळा वळ, त्यात नखांच्या दोन खुणा, आणि दोन्ही खुणांत ओला, काळा गाळ.

ती अनवाणीच पळते. भरजरी साड्यांमधून वाट काढत हॉलच्या मध्ये उभी राहते आणि सांगते, बांध जायला आलाय, पोरंबाळं घेऊन आधी वरच्या रस्त्याला लागा. शेठ दात खाऊन तिला गप्प करायला बघतो, पण तोवर कोणीतरी बाहेर डोकावून पाणी पाहिलेलं असतं. हॉल रिकामा होतो. ठकूबाई शेठचा रेशमी झब्बा मनगटाशी पकडते, त्याला कातळावरून सांडव्यावर नेते आणि जाळी दाखवते.

"काढा," ती म्हणते. "तुमीच ठोकलीया."

शेठ गुडघ्यांवर बसतो. खांद्यापर्यंत हात घालून पाचोळा उपसतो, वाढपी मदतीला येतात, आणि जाळी खिळ्यांसकट उखडते तेव्हा पाणी गर्जत सांडव्यातून निघतं. त्याच्याबरोबर मासेही जातात. सगळे वऱ्हाडी रस्त्यावरून बघतायत. होणारे व्याही छत्री घेऊन कातळावर आलेत. ते विचारतात, इथे जाळी कशाला लावली होती.

"मासे जाऊ नयेत म्हणून," शेठ म्हणतो.

"आणि गेल्या वर्षी ती बाई गेली, तेव्हा?"

शेठ ठकूबाईकडे बघतो. ती पदर पिळत उभी राहते. तिला घाई नाही.

"होती," शेठ म्हणतो.