वायरमनच्या दाराला बेल नाही

गल्लीत सगळे त्यांना वायरमनआजोबा म्हणत. पंखा, मिक्सर, इस्त्री, काहीही दुरुस्त करून द्यायचे. पण कुणी दाराची बेल लावून मागितली की खवळायचे. "हात आहेत ना? ठोका!" त्यांच्या स्वतःच्या दारालाही बेल नव्हती.

तरुणपणी, युद्धाच्या काळात, ते एका फ्रिगेटवर, म्हणजे छोट्या युद्धनौकेवर, वायरमन होते. मालवाहू जहाजांच्या तांड्याची राखण करणं हे तिचं काम. पाणबुडीचा सुगावा लागला की धोक्याची घंटा वाजायची आणि खालच्या मजल्यांची लोखंडी झाकणं वरून आवळली जायची. खाली असेल तो खालीच. एकदा टॉर्पेडो बसलाच. तांडा वाचला, फ्रिगेटही रखडत बंदराला लागली. इंजिनखोलीतला लंबू, आजोबांचा जिवलग, तेवढा गेला.

पुढे फ्रिगेट धक्क्याला गंजत पडली, आणि कुणा शहाण्याने तिचं हॉटेल केलं. सुनेने हौसेने आजोबांच्या वाढदिवसाचं जेवण तिथेच ठरवलं.

"बाबा, तुमचंच जहाज! मजा येईल."

शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी केक आला. खलाशाची टोपी घातलेल्या वेटरने बटण दाबलं. तीच घंटा! लोकांनी टाळ्या पिटल्या. आजोबांच्या हातातला चमचा पडला. ते तडक मॅनेजरकडे गेले.

"ती घंटा बंद करा."

"ओरिजिनल आहे काका! तुमच्या केकलाही वाजवणार आहोत."

"तिच्या आवाजावर माझा माणूस खाली कोंडून मेलाय. वाजवायची नाही!"

"हळू बोला ना, लोक जेवतायत," मॅनेजर हसत म्हणाला. "आजच्या दिवशी कसला राग?"

आजोबा लालबुंद झाले. "हात धुऊन येतो," एवढंच आजीला नि सुनेला सांगून ते जिन्याच्या वळणावर गेले. फ्यूजची पेटी तिथेच होती, वरून नुसता रंग फासला होता.

केक आला. वेटरने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काहीच नाही. मॅनेजर धावत आला.

"काका, तुम्ही काही केलंत?"

"केलं!" आजोबांनी फ्यूज टेबलावर आपटला. सून पांढरीफटक पडली. मॅनेजरने हात पुढे केला, पण त्याच्याआधी आजीने फ्यूज उचलून पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.

"लग्न झाल्यापासून दार ठोकतेय मी," ती मॅनेजरला म्हणाली. "तुम्हाला टाळ्या वाजवायला काय होतंय?"